अभियंत्याच्या सहीचे मोल
सनदी लेखापालांसाठी १९४९ मध्ये, वकिलांसाठी १९६१ मध्ये आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ मध्ये केंद्रीय कायदे झाले; अभियंता मात्र त्या पंक्तीबाहेरच राहिला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छमधील भूकंपात २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या, तेव्हाही त्याच्यासाठी असा कायदा नव्हता. खांबात लोखंड किती पडले, हे घर घेणाऱ्या कारकुनाला गिलाव्याआडून कसे दिसावे? येथे ग्राहकाच्या पारखीवर विसंबणे व्यर्थ आहे. परवान्याने व्यावसायिकांची संख्या आखडते आणि शुल्क चढते, हा आम्हां अर्थशास्त्राच्या लोकांचा आक्षेप खोटा नव्हे. परंतु पदवी मिळवलेल्या प्रत्येकाच्या सहीवर दहा मजले चढवणे त्याहून महाग पडते. परवाना देणारे आणि काढून घेणारे मंडळ अवश्य असावे. मात्र त्यातील निम्मे सदस्य तरी व्यवसायाबाहेरचे हवेत.