हंगामाबाहेरचे महाबळेश्वर

सह्याद्रीच्या माथ्यावरील जी गावे आज थंड हवेची ठिकाणे म्हणून सर्वश्रुत झाली आहेत, त्यांच्या वैभवाचा आणि त्याबरोबरच त्यांच्या वाट्यास आलेल्या विटंबनेचा विचार करू लागले, की एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. ती ही, की वर्षाच्या बाराही महिने गजबजून राहावीत अशा हेतूने ही गावे वसवली गेलीच नव्हती. होळी झाली की ती उघडावयाची, मृगाच्या आगेमागे मिटावयाची, दसऱ्यानंतर पुन्हा थोडे दिवस जागी व्हावयाची, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे रस्ते, तळी, बाजार आणि दप्तर हे सारे त्या मोजक्या महिन्यांच्या हिशेबाने बेतलेले होते. महाबळेश्वरी आज जे काही बिनसले आहे, त्यापैकी बव्हंशी या क्रमाच्या मोडण्यातून उद्भवले आहे, असे माझे मत आहे.

गावाचा मूळ इतिहास अर्थातच साहेबाच्या आगमनाने सुरू होत नाही. पेठेपासून काही अंतरावर जे जुने क्षेत्र आहे, तेथील पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम भाविक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. भोवतालचे जावळीचे निबिड अरण्य मोऱ्यांच्या अंमलाखाली होते, ते शिवाजीमहाराजांनी १६५६ मध्ये घेतले, आणि त्याच मुलुखात उभ्या केलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु या साऱ्या घडामोडींत कोणीही येथे केवळ हवा खाण्यासाठी आले नव्हते; यात्रेकरू पुण्यासाठी येत, शिबंदी हुकुमाने येई, आणि माथ्यावर कायमची वस्ती होती ती पुजारी, धनगर, कुणबी आणि लोखंड गाळणारे धावड यांची.

हवेसाठी डोंगर चढण्याची कल्पना रुजली ती पुढे. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी या पठारावर चढून आला. त्याच्या नावाचे टोक आजही प्रवाशांना दाखवण्यात येते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने आजारी युरोपीय शिपायांच्या व अंमलदारांच्या प्रकृतीसाठी येथे आरोग्यस्थान काढण्याचे मनावर घेतले, आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी तह होऊन, वाईकडील खंडाळा गावाच्या मोबदल्यात ही डोंगराळ जागा कंपनी सरकारकडे आली. नव्या बाजारपेठेस माल्कमपेठ हे नाव मिळाले. पुढे येथे एक तुरुंग बांधण्यात आला व त्यात चिनी कैदी आणून ठेवण्यात आले. त्यांच्या हातून भाजीपाल्याची लागवड होऊ लागली आणि वेतकामाची विद्याही पेठेत रुजली, म्हणून येथून वेताची काठी घेऊन परतणाऱ्या प्रवाशाने क्षणभर त्या दूरदेशीच्या बंदिवानांचेही स्मरण करावयास हरकत नाही. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, बांधविला तो पेठेच्या पाण्यासाठी. नौकाविहाराची सोय ही त्याची नंतरची कर्तबगारी. धावडांचे मात्र नशीब फिरले. लोखंड गाळण्यास कोळसा लागतो, कोळशास झाडे लागतात, आणि झाडी राखणे हे नव्या वसाहतीच्या शोभेसाठी आवश्यक ठरल्यामुळे त्यांच्या भट्ट्या सरकारी हुकुमाने विझल्या. बाहेरून येणाऱ्याच्या सुखासाठी डोंगरावरच्या माणसाने आपला धंदा बदलावा, हा या गावांतील अगदी पहिला व्यवहार होय, आणि तो अद्याप संपलेला नाही.

आता आकर्षणाविषयी. त्याची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते खोटे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर हवा कोकणच्या मानाने सात-आठ अंशांनी थंड असावी हा सृष्टीचा सरळ नियमच आहे. पण थंडाव्याखेरीजही त्या पठाराचे काही निराळे ऐश्वर्य आहे. आर्थर सीटवरून सावित्रीचे खोरे आणि त्यापलीकडे धुक्यात विरत जाणारे कोकण दिसते, तर केट्स पॉइंटवरून कृष्णेचे खोरे व धोमचा जलाशय; अर्थात एकाच सकाळी मनुष्य घाटाची पश्चिम धार आणि पूर्व उतार या दोहोंचे दर्शन घेऊ शकतो, आणि या कड्यावर पडलेले पाणी एकीकडे अरबी समुद्रास व दुसरीकडे बंगालच्या उपसागरास मिळते हे भूगोलाचे वाक्य त्याला डोळ्यांनी वाचता येते. जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे बुटके, शेवाळलेले, सदाहरित रान, त्यात सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, आणि त्या फुलोऱ्यावर जमणारा मध हे सारे सह्याद्रीच्या फार थोड्या भागात एकवटलेले आढळते. अवघ्या एकोणीस-वीस किलोमीटरांवरच्या पाचगणीत पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच पडतो. म्हणून तेथे क्षयरोग्यांची आरोग्यधामे आणि निवासी शाळा बहरल्या, १९२२ मध्ये संजीवन विद्यालयासारखी संस्था उभी राहिली, आणि १९४४ च्या मे महिन्यात कारावासातून सुटल्यावर महात्मा गांधींनीही काही काळ तेथील हवेचा आश्रय घेतला.

प्रवाशांच्या येण्याने स्थानिक रयतेच्या हाती काहीच पडले नाही असे म्हणणे तर धडधडीत अन्यायाचे होईल. स्ट्रॉबेरीचेच पाहा. साहेबांच्या न्याहारीसाठी आलेले हे परदेशी फळ आज या तालुक्यातील शेतकऱ्याचे मुख्य नगदी पीक झाले आहे. देशातील एकूण उत्पादनापैकी सुमारे ८५ टक्के या परिसरात होते असा सर्वसाधारण हिशेब सांगितला जातो, आणि २०१० मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. गादीवाफ्यांवर अंथरलेला कागद, ठिबकच्या नळ्या, पहाटेची तोडणी आणि सकाळीच मुंबई-पुण्याकडे निघणाऱ्या पेट्या हे दृश्य हिवाळ्यात ज्याने पाहिले आहे, तो या व्यवहारास केवळ प्रवाशांची चैन म्हणणार नाही. भिलार हे खेडे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आणि घरोघरी मराठी ग्रंथांची कपाटे लागली. मांघर मधाचे गाव म्हणून पुढे आले. प्रवाशाकडून पैसा मिळवावा, पण त्यासाठी जमीन विकू नये, अशी ही उदाहरणे आहेत, आणि मला ती बाजारातल्या कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा अधिक आशादायक वाटतात.

पावसाळा आला म्हणजे हा डोंगर पूर्वी मिटत असे. वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या घरात कोसळणाऱ्या पावसापुढे मनुष्याने नमते घ्यावे हे सर्वांस मान्य होते. दुकानदार दर्शनी बाजूस गवताचे आडोसे बांधीत, बंगल्यांच्या खिडक्या झाकल्या जात, गव्हर्नराचा लवाजमा पुण्यास उतरे, आणि तीन-चार महिने पेठेत पावसाच्या आवाजावाचून दुसरा व्यवहार नसे. या विश्रांतीत रान वाढे, पायवाटांवर गवत येई, झरे भरत, आणि गाव स्वतःची डागडुजी करून घेई. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, मध्यमवर्गाच्या दारी मोटार आली, शनिवार-रविवारची जोड सुट्टी कचेऱ्यांत रूढ झाली, आणि पावसात भिजणे हाच एक स्वतंत्र छंद होऊन बसला, तेव्हा डोंगराची ही रजा रद्द झाली. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता खचला, त्यावरून त्या दिवसांत तेथे हिंडणे म्हणजे काय असते याची कल्पना यावी. तरीही श्रावणातल्या रविवारी पसरणीच्या घाटात मोटारींची रांग लागते, आणि ज्याला शहरातील कोंडमाऱ्यापासून सुटका हवी असते तो मनुष्य आपला कोंडमारा सोबत घेऊन, वर काचा लावून, त्या रांगेत तास-दोन तास बसून राहतो. माझ्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांनी हे सर्व सोसून वर पोहोचल्यावर प्रथम कोणते काम केले असेल, तर उपाहारगृहात वातानुकूलित खोलीची चौकशी!

गर्दीचा उपद्रव डोळ्यांना दिसतो. पाण्याचा दिसत नाही, आणि म्हणून तो अधिक घातक आहे. या पठारावर जांभ्या दगडाचे सच्छिद्र आच्छादन आहे. ते पावसाचे पाणी पोटात घेऊन, खालच्या कातळावर अडवून, कड्याकपारींतून महिनोन्‌महिने झिरपवीत राहते; पंचगंगेच्या उगमाची पुण्याई भूशास्त्राच्या भाषेत सांगावयाची तर ती इतकीच. ज्या ज्या जागी हे आच्छादन खोदून तळघरे केली जातात, अंगणे सिमेंटने लिंपली जातात व मोटारींसाठी फरसबंदी होते, त्या त्या जागी पाणी मुरावयाचे थांबते आणि पहिल्या सरीबरोबरच दरीत जाऊन पडते. त्यात सुमारे १३ हजार लोकवस्तीच्या गावावर सुट्टीच्या दिवशी त्याहून मोठा समुदाय येऊन उतरला, की नळ प्रथम कोणाकडे वळवले जातात हे सांगण्याची आवश्यकता नाही. जेथे आषाढात छत्री उघडता येत नाही, त्याच मुलुखातील माथ्यावरच्या वाड्यांना चैत्र-वैशाखात हंडे घेऊन कोसभर चालावे लागते.

अशाच प्रकारचा दुसरा विरोध तापोळ्यास पाहावयास मिळतो. तेथील विस्तीर्ण शिवसागर जलाशयास काश्मीरची उपमा देऊन नावा फिरवल्या जातात. त्याच जलाशयाखाली कोयना धरणापायी उठवलेल्या गावांच्या जमिनी आहेत, आणि नाव वल्हवणाऱ्यांपैकी काहींच्या वाडवडिलांचे सातबारा त्या पाण्यात बुडालेले आहेत.

सरकारला हे कळले नाही असे नाही. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, बांधकामावर मर्यादा घातल्या, देखरेखीसाठी समिती नेमली. कागद उत्तम होता. पण डोंगरावरील जमिनीचा भाव कागदापेक्षा जड निघाला. शेतघराच्या नावाने निवासस्थाने आणि निवासस्थानाच्या नावाने लॉज उभे राहिले, नोटिसा निघाल्या, काही पाडकामे झाली, आणि पुन्हा नव्या भिंती चढल्या. यात स्थानिकांचे एक गाऱ्हाणे मात्र खरे आहे. ज्याला स्वतःच्या मुलासाठी दोन खोल्या वाढवावयाच्या आहेत त्यास परवानगीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात, आणि ज्याच्यापाशी वकील व भांडवल आहे त्याचा मजला परवानगीपूर्वीच पुरा होतो. आता जुन्या गावावरचा भार हलका करण्याच्या उद्देशाने शेजारच्या डोंगररांगांतील दोनशेहून अधिक खेडी मिळून नवे महाबळेश्वर उभारण्याची योजना सरकारदरबारी आहे. जुन्या गावाचा बंदोबस्त ज्यांना साधला नाही त्यांनी नवे गाव मागावे, यातील धाडसाची तारीफ करावी तेवढी थोडीच.

माथेरानचा मार्ग निराळा पडला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये त्या डोंगरावर चढला, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचा पैसा खर्चून दोन फूट रुंदीची चिमुकली आगगाडी नेरळहून १९०७ मध्ये वर नेली, आणि पुढे मोटारगाडीस मात्र दस्तुरी नाक्यावरच थांबावे लागले ते आजतागायत. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर तेथे चालावे, घोड्यावर बसावे किंवा माणसाने ओढलेल्या गाडीत बसावे, अशी रीत होती. माथेरानची झाडी आज टिकली आहे ती या एका बंदीमुळे. आणि गंमत अशी, की ती आगगाडीदेखील पावसाळ्यात नेरळपासून वर येण्याचे बंद करून जुन्या हंगामाचा नियम अजून पाळते. पण या निवांततेची किंमत कोण देत होते? तांबड्या धुळीच्या चढणीवर तीन-तीन माणसे एका पर्यटकाचा भार ओढीत, आणि तो पर्यटक झाडीतील शुद्ध हवेचे कौतुक करी. डिसेंबर २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि नव्या रिक्षा मूळच्या ओढणाऱ्यांनाच देण्याचा हुकूम दिला. काही अश्वचालकांस व जुन्या रहिवाशांस यात मोटारींचा चोरपावलांनी होणारा प्रवेश दिसतो. त्यांची शंका निराधार नाही. परंतु माणसाच्या खांद्यावर राखलेली शांतता राखण्याजोगी होती असे मला कधीच वाटले नाही.

उटकमंड व कोडाईकनालच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाने गर्दीच्या प्रश्नास सरळ हात घातला. मे २०२४ पासून तेथे जाणाऱ्या वाहनास आगाऊ परवाना घ्यावा लागतो, आणि पुढील वर्षीच्या उन्हाळ्यात उटकमंडास नित्याच्या दिवशी ६ हजार व शनिवार-रविवारी ८ हजार, कोडाईकनालास अनुक्रमे ४ हजार व ६ हजार वाहनांची मर्यादा बांधण्यात आली. आकडे योग्य की अयोग्य यावर तेथील व्यापारी भांडत आहेत, आणि भांडोत; निदान भांडण आकड्यांवर आले. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान या तिन्ही ठिकाणी प्रवेशाच्या नाक्यावर प्रवाशांकडून कर घेतला जातो, पावती फाडली जाते, म्हणजे किती माणसे वर गेली याची नोंद पालिकेच्या दप्तरी आपोआप होते. त्याच नोंदीस वेण्णा तलावातील पाण्याची पातळी, वाहनतळाची जागा आणि कचरा उचलण्याची ताकद यांच्याशी जोडून, अमुक आकड्यानंतर त्या दिवसाची पावती बंद, आणि आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावरच्या मुक्कामाची परवानगी निम्म्यावर, एवढे दोन नियम पाच वर्षे तरी करून पाहावेत. हॉटेलवाल्यांचा विरोध होईल, घोडेवाल्यांचा होईल, आणि सर्वांत मोठा होईल तो आपल्यासारख्यांचा, कारण शुक्रवारी सायंकाळी मनात आले आणि रात्री निघालो ही सवय आपल्याला प्रथम सोडावी लागेल.