पोकेमॉन कार्ड : आधी पाकीट घ्यावे की तयार डेक?

मुलांनी पोकेमॉन कार्डांचा हट्ट धरला, की पालक बहुधा बूस्टर पाकीट घेऊन देतात. आत कोणती कार्डे आहेत, हे फोडल्याशिवाय कळत नाही आणि एका पाकिटावर डावही मांडता येत नाही. कारण नियमानुसार डेकमध्ये नेमकी 60 कार्डे लागतात.

तयार डेकमध्ये काय मिळते?
2020 मध्ये आलेल्या ‘बॅटल अकॅडमी’ संचात 60 कार्डांचे तीन डेक, पट आणि मार्गदर्शक पुस्तिका आहे. शिकण्याच्या पहिल्या डावात कार्डे पिसायची नाहीत. पुस्तिका सांगेल तशी चाल करायची. एनर्जी कधी जोडायची, हल्ला कधी करायचा, हे खेळता खेळता उमगते. आपली 6 बक्षीस कार्डे आधी उचलणारा जिंकतो.

उणीव कोणती?
हे डेक शिकण्यापुरते आहेत, स्पर्धेत ते कमी पडतात. शिवाय जुनी कार्डे ठरावीक काळाने मुख्य स्पर्धांतून बाद होतात.

मग काय करावे?
घरात दोघांना खेळायचे असेल, तर आधी तयार संच घ्यावा. गोडी लागली, की हवी ती कार्डे सुटी घेता येतात. पाकीट फोडण्यात गंमत आहे, पण तो नशिबाचा भाग. खेळ शिकण्यासाठी त्याची गरज नाही.