आप्पांची रेक्झिनची बॅग

आप्पा गेले तेव्हा घरात रडायला माणसे पुष्कळ होती, पण बॅग कुठे आहे हे एकालाही ठाऊक नव्हते. चॉकलेटी रंगाची, चेन बिघडलेली, वरून परकराची नाडी बांधलेली ती रेक्झिनची बॅग आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. तिला हात लावायची सोय नव्हती. ‘‘कागद आहेत त्यात,’’ एवढेच आप्पा म्हणत. तेराव्यानंतर ती माळ्यावर गणपतीच्या मखरामागे सापडली. त्यात डोंबिवलीच्या आमच्या घराचा १९८४ सालचा करारनामा होता, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट होते, तीन पासबुके, विम्याची एक पॉलिसी, बँकेच्या मुदत ठेवींच्या पावत्या, आणि का कोण जाणे, १९९१ सालचे विजेचे एक बिल. मृत्युपत्र नव्हते. तशी अपेक्षाही नव्हती. आमच्याकडे मृत्युपत्र हा शब्दच अभद्र.

पुढचे चार महिने मी काय केले ते सांगितले तर त्यातून गेलेले लोक मान डोलावतील आणि न गेलेल्यांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. मृत्यूच्या दाखल्याच्या मी पाच प्रती घेतल्या. पंधरा घ्यायला हव्या होत्या. आप्पांच्या नावात एक जोडाक्षर होते. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग पॅनकार्डावर एक, पासबुकावर दुसरे आणि करारनाम्यावर तिसरेच. हे तिन्ही गृहस्थ एकच होते, असे मला शंभराच्या नव्हे तर पाचशेच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागले. दोनदा.

एक चूक मात्र मी केली नाही, आणि तीही केवळ आळसामुळे. आप्पांचा मोबाइल बंद केला नाही. बँक म्हणा, गॅस म्हणा, विजेचे खाते म्हणा, सगळ्यांचा तो चार-सहा आकडी संकेतांक मयताच्याच फोनवर येतो. गेलेल्या माणसाच्या फोनला दर महिन्याला रिचार्ज मारताना जरा विचित्र वाटते, पण कामे होतात. उलट एटीएम कार्डाचे. ‘‘पिन माहीत आहे ना? मग काढून घ्या आधी,’’ असा सल्ला स्मशानातून परतताना मला दोघांनी दिला. खातेदार गेल्यावर त्याचे पैसे असे काढायचे नसतात. उद्या दुसरा वारस हिशेब मागू लागला तर उत्तर द्यायला आपणच उरतो.

ठेवींच्या पावत्यांपैकी एक अशा शाखेची निघाली, जिथे आप्पांची बदली पंचवीसेक वर्षांपूर्वी झाली होती. तिथल्या कर्मचाऱ्याने ‘‘हे पैसे आता आमच्याकडे नाहीत,’’ म्हणून मला वाटेला लावले. पैसे बुडाले असे समजून मी घरी आलो. नंतर कळले ते असे : दहा वर्षे कोणी विचारले नाही तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. पण म्हणून हक्क जात नाही. दावा त्याच बँकेकडे करायचा, तिने वारसाला पैसे द्यायचे आणि निधीकडून वसूल करायचे. अशा विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळही काढले आहे. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हे सगळे कागदावर लिहून नेले. त्याच कर्मचाऱ्याने त्याच खुर्चीवर बसून अर्ज घेतला.

पण हे सगळे हेलपाटे. हेलपाटे माणूस विसरतो. विसरता येत नाही ती गोष्ट वेगळीच होती.

शेअर सर्टिफिकेट घेऊन मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी नामनिर्देशनाचे रजिस्टर काढले. नॉमिनी म्हणून आप्पांनी माझे एकट्याचे नाव दिलेले होते. ‘‘मग काय, सरळ काम आहे. घर तुमचं,’’ सेक्रेटरी म्हणाले. मलाही तसेच वाटत होते. आई आधीच गेलेली, आप्पा माझ्याकडे राहिले, माझ्याच घरी गेले. घर माझेच, यात विचार करण्यासारखे काय आहे? ताई लग्न होऊन सांगलीला गेली त्याला एकतीस वर्षे झाली.

ओळखीच्या एका वकिलांकडे सहज म्हणून गेलो, तर त्यांनी पहिल्याच वाक्यात पाय जमिनीवर आणले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात ठेवायचे तो. वाटे वारसांचेच. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितले होते, शेअर्सबाबत अगदी २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा सांगितले. विम्यात तर आता तेही बदलले आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांचे नाव नॉमिनी म्हणून दिलेले असेल तर ती रक्कम त्यांचीच होते. म्हणजे एकाच बॅगेतल्या दोन कागदांवर ‘नॉमिनी’ हाच शब्द, पण अर्थ दोन! घरापुरते बोलायचे तर २०१९ साली महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यात नॉमिनी हा वारस सभासद होईपर्यंतचा तात्पुरता सभासद.

‘‘आणि वारस कोण?’’ मी विचारले.

‘‘तुम्ही आणि बहीण. निम्मे-निम्मे.’’

मी म्हटले, मुलींना वाटा देणारा कायदा २००५ चा ना? तिचे लग्न तर त्याआधीच झाले. वकील हसले. हा गैरसमज त्यांना रोज भेटत असावा. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. बापाने स्वतः कमावलेल्या घरात, तो मृत्युपत्र न करता गेला तर, हिंदू मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा आहे तो १९५६ पासून. लग्न झालेले असो वा नसो. (इतर धर्मीयांचे कायदे वेगळे, ते ज्याने त्याने पाहावेत.) मयताची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच वाटा असतो. म्हातारी आजी वारस असते हे किती घरांत माहीत असते?

मग वकील म्हणाले, ‘‘काळजी करू नका. बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या, रजिस्टर करा, संपलं. बहिणी करतात सही.’’

हे शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या सहजपणे उच्चारले की त्यात काही वावगे आहे असे मला तेव्हा जाणवलेच नाही. मसुदा बॅगेत घालून मी रात्रीच्या बसने सांगली गाठली.

ताईने चहा केला, उप्पीट केले. दाजी पेपर वाचत होते, ते उठून आत गेले. त्यांना बहुधा कल्पना आली असावी. मी कागद पुढे केला. ताईने चष्मा लावून दोन्ही पाने वाचली आणि विचारले, ‘‘सही कुठं करायची?’’

मी पेन शोधू लागलो. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘आपली बिल्डिंग पाडून नवीन होणार आहे म्हणे?’’

शेजारच्या काकूंनी तिला फोनवर सांगितले होते. तीस टक्के जादा जागा, नवे घर होईपर्यंत भाडे, वर काही रोख रक्कम. सगळे. मी काहीच सांगितले नव्हते. लपवले असे मी म्हणणार नाही. पण सांगितले नव्हते, हे खरे. ‘‘अजून नक्की नाही,’’ असे काहीतरी मी पुटपुटलो. आप्पांनी बासष्ट हजारांना घेतलेल्या त्या एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या जागी आता किती लाखांची जागा उभी राहणार, तो आकडा सांगताना माझाच घसा कोरडा पडला.

‘‘मी सही करणारच होते रे,’’ ताई म्हणाली. ‘‘तू सांभाळलंस आप्पांना. पण तू मला सांगितलं नाहीस. आप्पांनी नाव लिहिताना मला विचारलं नाही. लग्न झालं त्या दिवसापासून त्या घरातलं मला कोणी काही विचारलेलंच नाही.’’

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. पेन मला सापडले होते, पण मी ते खिशातच राहू दिले.

घरी आल्यावर दुसरी बाजू ऐकायला मिळाली, आणि तीही खोटी नव्हती. ‘‘अकरा वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी केलं. शेवटचे आठ महिने अंथरुणं मी बदलली. कायद्यात त्याला काही वाटा आहे का?’’ बायकोने विचारले. नाही. सून वारस नसते. कायदा रक्ताचे नाते मोजतो, रात्रीचे जागरण मोजत नाही. ज्याने सेवा केली त्याला झुकते माप द्यायचे असेल तर ते फक्त एकाच माणसाला करता आले असते, आणि ते बॅगेला नाडी बांधून गेले.

आप्पांना दोष देताना मला त्यांची भीतीही समजते. मराठी माणसाने ‘नटसम्राट’ पाहिलेले असते. हयातीत सगळे देऊन टाकले की काय होते हे त्याला रंगभूमीने १९७० पासून दाखवले आहे. तेव्हा जिवंतपणी नावावर करायचे नाही आणि मेल्यानंतरचे बोलायचे नाही, अशा दोन्ही नकारांच्या मध्ये आमच्या बापांची पिढी घर सोडून गेली. पण मृत्युपत्र म्हणजे देऊन टाकणे नव्हे. करणारा जिवंत आहे तोवर सगळे त्याचेच. उद्या मन बदलले तर नवे करावे, शेवटचे तेच खरे. साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही, नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे असावेत. वयस्कर माणसाने डॉक्टरांचा दाखला जोडावा. एवढे केले नाही तर पुढे काय लागते, तर काही कामांसाठी वारस दाखला. तो आपल्याकडे आजही १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली निघतो. पेशवाई बुडाली त्याला तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती!

आमचे मिटले. लगेच नाही, चार महिने गेले, दोनदा फोन आपटले गेले, गणपतीला ताई आली नाही. मग एके दिवशी तिनेच फोन केला : ‘‘दोन वाटे करू नकोस. तुझ्या बायकोचा धरून तीन कर. मला त्यातला एक दे, जमेल तसा.’’ शेअर सर्टिफिकेटवर आता दोघांची नावे आहेत. नव्या इमारतीच्या करारावर दोघांच्या सह्या होतील. बिल्डरची रोख रक्कम तिला, आणि उरलेला वाटा मी सात वर्षांत हप्त्याने द्यायचा, तो पुरा झाला की तिने हक्क सोडायचा, असे वकिलांनी रीतसर लिहून दिले. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. फी मात्र नेहमीचीच घेतली.

गेल्या महिन्यात मी बँकेत जाऊन आमच्या खात्यांची नामनिर्देशने बदलून आलो. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येते. मुलगा पन्नास, मुलगी पन्नास. मग मृत्युपत्राचा कच्चा मसुदा केला आणि रविवारी रात्री जेवताना पानावरच विषय काढला.

‘‘बाबा, जेवताना हे काय अभद्र?’’ मुलगी म्हणाली. मुलगा मान खाली घालून आमटी ओरपत राहिला. मी तरी वाचून दाखवले. घर दोघांना सारखे. दागिने आईच्या इच्छेप्रमाणे. आमच्यापैकी मागे राहील त्याला हयातभर घरात राहण्याचा हक्क.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगी म्हणाली, ‘‘दादा तर म्हातारपणी तुमच्याजवळ राहणार, मी असेन कुठेतरी लांब. मग सारखं का?’’

‘‘मी राहणार हे कोणी ठरवलं?’’ मुलगा पहिल्यांदा बोलला.

बायकोने भाताचे पातेले पुन्हा गॅसवर ठेवले. त्या रात्री जेवणे साडेअकराला आटोपली, आणि मसुद्यातला तिसरा परिच्छेद आम्ही खोडला आहे. नवा अजून लिहायचा आहे.