रद्दीतलं महायुद्ध

जळगावच्या नवीपेठेत १९८१ साली मला दुसरं महायुद्ध किलोच्या भावानं मिळालं. बँकेत नुकताच लागलो होतो. भुसावळच्या कुण्या रेल्वे-साहेबाच्या घरातून रद्दीवाल्याकडे गठ्ठा आला होता आणि त्यात जनरल स्लिमचं 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' होतं. पुठ्ठा निखळलेला, पण नकाशे शाबूत. रद्दीवाल्यानं ते तराजूत टाकलं, वजन पुरं करायला वर दोन जुने दिवाळी अंक ठेवले आणि चार रुपये घेतले.

तिथून खोड लागली. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आणि वि. स. वाळिंब्यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा' आमच्या पिढीनं वाचलेलंच होतं. आता इंग्रजीची चटक लागली. चर्चिलचे सहा खंड जमले, त्यातला तिसरा तेवढा अकरा वर्षांनी सापडला. बदली झाली की घरातली भांडी एका ट्रंकेत आणि रोमेल-माँटगोमेरी पाच खोक्यांत. हमाल विचारायचे, "साहेब, लोखंड आहे का यात?" सौ. म्हणायची, "लोखंड असतं तर मोडीत तरी गेलं असतं!"

हिशेबाच्या माणसाला या पुस्तकांत वेगळीच गोडी वाटते. लढाई म्हणजे तोफा, असा आपला समज. वाचत गेलं की कळतं, ती पेट्रोल, बिस्किटं, खेचरं आणि पाऊस यांची खातेवही असते. आफ्रिकेत रोमेलची धाव पेट्रोलपाशी अडली. इम्फाळपुढे आलेलं जपानी सैन्य १९४४ च्या पावसाळ्यात उपाशी पडलं.

पुढे धुळे जिल्ह्यात बदली झाली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांची दप्तरं सांभाळणारं संशोधन मंडळ आजही तिथं आहे. लोकांच्या माळ्यांवरचे कागद धुंडाळत त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. त्यांच्या गावात राहून मी जमवत होतो ती विलायती सेनापतींची चरित्रं! १४ एप्रिल १९४४ ला, मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं त्याच दिवशी, आमच्या चिमठाण्यापाशी क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. गोदीचा स्फोट माझ्या कपाटात होता. चिमठाणे कुठंच नव्हतं. आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

आमच्या शाखेत एक म्हातारी पेन्शनला यायची. कागदांवरून कळलं की नवरा लष्कराच्या खेचर कंपनीत होता आणि डिसेंबर १९४४ मध्ये इटलीत कामी आला. १९८७ च्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर अंगठा उठवताना तिला माझ्या टेबलावरच्या पुस्तकातला नकाशा दिसला. तिनं विचारलं, "भाऊ, ते गाव कथा शे?"

इटली हे एक गाव आहे, असं ती त्रेचाळीस वर्षं समजत होती.

त्या रात्री मी कपाट उपसलं. बिशेश्वर प्रसादांनी संपादित केलेल्या सरकारी युद्धेतिहासाचा इटलीवरचा खंड माझ्याकडे होता. चौथी, आठवी, दहावी या भारतीय डिव्हिजन कुठून कुठं गेल्या, ते सगळं त्यात आहे. या माणसाचं नाव नव्हतं. साध्या शिपायाचं नाव छापून यायला व्हिक्टोरिया क्रॉस तरी मिळावा लागतो; यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तो इटलीतच मिळाला. खेचरांवर दारूगोळा आणि पीठ चढवून डोंगर चढणाऱ्याला काय मिळणार?

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा मी नकाशा उघडला आणि म्हटलं, "माय, हे बघ." एवढ्या मोठ्या मुलखातली नेमकी जागा मला सांगता येईना. तिनं नकाशाकडे नीट पाहिलंही नाही. विचारलं, "नदी शे का तठे?"

"पुष्कळ आहेत," मी म्हणालो. सांग्रो, सेनिओ... इटलीतलं ते युद्ध म्हणजे एकामागून एक नद्या ओलांडणंच होतं. साऱ्या संग्रहातून तिच्या कामाचं एवढंच निघालं. ती "बरं" म्हणाली, पैसे कनवटीला लावले आणि गेली. नदीचं तिनं का विचारलं, ते घरी जाताना सायकलवर माझ्या ध्यानात आलं.

निवृत्तीनंतर, २०१९ साली, राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नोंदी संगणकावर चाळत बसलो होतो. उत्तर इटलीत फोर्ली इथं, जिथं दहन झालं अशा साडेसातशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं एका स्मारकावर आहेत. त्यांत ते नाव सापडलं. स्पेलिंग मोडकं होतं, पण कंपनी तीच, महिना तोच. म्हणजे अग्नी मिळाला होता.

म्हातारी केव्हाच गेली होती. नोंदीचा कागद छापून घेतला आणि एसटीनं तिच्या गावी गेलो. नातू शेतातून आला, कागद दोनदा वाचला आणि आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आला. तीत आजीचं जुनं पासबुक होतं. घडी करून त्यानं तो कागद त्यात ठेवला. पासबुकातल्या नोंदींपुढे अधिकारी म्हणून सही माझीच होती.