रामसे बंधूंच्या भयपटांचे आकर्षण

अल्प खर्चात तयार झालेल्या भयपटांतील राक्षसाचा मुखवटा खोटा असल्याचे प्रेक्षकाला लगेच कळते. तरीही तो जागचा हलत नाही. हिंदी चित्रपटसृष्टीत याचे ठळक उदाहरण म्हणजे रामसे बंधूंचे चित्रपट होत.

वडील एफ. यू. रामसे यांची निर्मिती असलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट १९७० मध्ये अपयशी ठरला. मात्र, पृथ्वीराज कपूर भीषण मुखवटा घालून चोरी करतात, तो प्रसंग प्रेक्षकांना भावला. हे हेरून बंधूंनी महाबळेश्वर येथे ‘दो गज जमीन के नीचे’ चित्रित केला. तो १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आदी कामे सात भावांनी वाटून घेतल्याने खर्च आटोक्यात राहिला.

१९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये अनिरुद्ध अग्रवाल यांनी साकारलेला ‘सामरी’ हा राक्षस विशेष गाजला. अशा चित्रपटांत खरी भीती राक्षसाच्या दर्शनाने नव्हे, तर त्याआधीचा अंधार, धुके आणि कुरकुरणारे दार यांमुळे निर्माण होते. तो समोर येताच अनेकांना हसू फुटते आणि मनावरील ताण सैल होतो. चित्रपटगृहात शेजारच्या अनोळखी माणसासह आधी दचकणे आणि मग हसणे, हाच या चित्रपटांचा खरा आनंद होय.