एक बॅटरी, तीन पल्ले

२०२५ मध्ये जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी शेवरले सिल्व्हराडो हा विजेवरचा पिकअप ट्रक एकदाच चार्ज करून मिशिगनमध्ये १,७०४ किलोमीटर चालवला. याच ट्रकचा सरकारी चाचणीतला पल्ला ७९२ किलोमीटर आहे. बॅटरी तीच, मोटर तीच. फक्त वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या आसपास ठेवला होता, एसी बंद होता, सुटे चाक उतरवले होते, टायरमध्ये हवा मर्यादेपर्यंत भरली होती आणि मागचा हौदा झाकून टाकला होता. आता त्याच ट्रकला एखादा उंच कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे फिरते घर, जोडा आणि महामार्गाला लागा. पल्ला चारशे किलोमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. तिन्ही आकडे खरे आहेत. पल्ला हा बॅटरीच्या अंगचा गुणच नव्हे. साठ्याला दर किलोमीटरच्या खर्चाने भागले की जो आकडा येतो तो पल्ला. असे असताना अमेरिकेत पेट्रोलचा ट्रक बरा की विजेचा, हा वाद गेली काही वर्षे जवळजवळ फक्त साठ्याभोवती फिरतो आहे. भविष्यातल्या बॅटरीकडून लोक चुकीची अपेक्षा बाळगून आहेत, असे मला वाटते ते यामुळेच.

आधी साठा मोजू. फोर्डचा एफ-१५० हा अमेरिकेच्या घराघरातला पिकअप. त्याला १३६ लिटरची मोठी टाकी मिळते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते, म्हणजे भरलेल्या टाकीत जवळपास १,२०० युनिट, आणि वजन जेमतेम शंभर किलो. त्याचाच विजेवरचा भाऊ लायटनिंग २०२२ मध्ये बाजारात आला. त्याच्या मोठ्या बॅटरीत वापरता येण्याजोगी १३१ युनिट वीज मावते आणि ती बॅटरी आठशे किलोंच्या घरात जाते. १३१ युनिट म्हणजे पंधरा लिटरहूनही थोडे कमी पेट्रोल. तेवढ्या ऊर्जेवर तीन टनांचे धूड सरकारी चाचणीत ५१५ किलोमीटर जाते. पेट्रोलचे इंजिन मिळालेल्या ऊर्जेतला चौथ्या हिश्शाच्या आसपासच भाग चाकांपर्यंत पोचवते, बाकीची रेडिएटर आणि धुराड्यातून उष्णता होऊन जाते. विजेची मोटर फारसे काही वाया घालवत नाही. कॅम्पर जोडल्यावर पेट्रोलच्या ट्रकचेही अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येते, हे मात्र चर्चेत कुणी काढत नाही. भरल्या घरात चार पाहुणे जास्त जेवून गेले तर कोठीला पत्ता लागत नाही, तसे त्या १,२०० युनिटांचे आहे. हजारच्या वरचा पल्ला पाच-सहाशेवर आला, तरी पंपावर चार मिनिटांत टाकी पुन्हा भरते. १३१ युनिटांच्या संसारात तोच पाहुणा लगेच डोळ्यावर येतो.

हा पाहुणा, म्हणजे कॅम्पर, वजनाने जड असतो म्हणून त्रास देतो, असा समज आहे, पण तो अर्धाच बरोबर. जड ओझे चढावर ऊर्जा खाते खरी, पण उतारावर मोटर जनित्रासारखी उलटी चालते आणि त्यातला बराच भाग परत बॅटरीत जमा होतो. हवा कापण्यात गेलेली ऊर्जा परत येत नाही. हवेचा विरोध समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दीडपट होतो. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या छपराहून वर डोकावणारी सपाट भिंतच. पोलादाच्या पट्ट्या लादलेला बुटका ट्रेलर त्यामानाने कमी छळतो. जनरल मोटर्सचा विक्रम संथ वेगात झाला, तो या वर्गाच्या नियमाच्या जोरावर.

मग बॅटरीच मोठी करा, असे कुणी म्हणेल. सिल्व्हराडोत तेच केले आहे. दोनशे युनिटांच्या आसपासची बॅटरी बसवली आणि ट्रकचे वजन चार टनांच्या घरात गेले. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरीचा जागतिक सरासरी भाव दर युनिटमागे ११५ डॉलर होता. म्हणजे शंभर युनिटांची वाढ साडेअकरा हजार डॉलरला पडते आणि आजच्या हिशोबाने सहाशे किलोंचे ओझे वर चढवते. वर्षातून चार-पाचदा कॅम्पर ओढणाऱ्याने बाकीचे दिवस हे ओझे किराणा आणायला नेताना वागवायचे. यात अभियांत्रिकी असेल, शहाणपण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घन-अवस्था बॅटरी आली की हा प्रश्नच उरणार नाही, असे म्हटले जाते. आजच्या लिथियम-आयन पेशीत आयन द्रवातून ये-जा करतात आणि ग्राफाइटच्या थरांत विसावतात. द्रवाऐवजी घन पदार्थ वापरला तर ग्राफाइट वगळून थेट लिथियम धातू वापरता येईल, आणि तितक्याच वजनात दीडपट ते दुप्पट ऊर्जा मावेल. टोयोटाने २०२७-२८ चे उद्दिष्ट ठेवले आहे. धातूचे काटे वाढून घन थर भेदतात, ही अडचण चिवट आहे, तरी ती सुटली असे धरून चालू. लायटनिंगची बॅटरी निम्म्या वजनाची झाली, तर तीन टनांतले चारशे किलो उतरतील. महामार्गावरच्या खर्चात वजनाशी बांधलेला, म्हणजे टायरच्या घर्षणाचा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो. त्यामुळे माझ्या ढोबळ हिशोबाने फायदा तीन-चार टक्क्यांचाच होतो. समोरची हवा तेवढीच राहते. हलकी बॅटरी हवीच, कारण त्याच वजनात दुप्पट युनिटे भरता येतील, पण मग पैशाचा प्रश्न पुन्हा समोर उभा. नवे तंत्रज्ञान सुरुवातीला स्वस्त मिळाल्याचे उदाहरण मला तरी आठवत नाही.

खरी क्रांती मला दुसरीकडे, चार्जिंगच्या वेगात दिसते. पेट्रोलच्या नळीतून अमेरिकेत मिनिटाला ३८ लिटरपर्यंत इंधन येते, म्हणजे वीस मेगावॉट. इंजिनाची उधळपट्टी वजा केली तरी कामाचे पाच मेगावॉट उरतात. लायटनिंग जास्तीत जास्त सुमारे दीडशे किलोवॉट घेतो, म्हणजे तीस-पस्तीसपट कमी. पल्ला अपुरा वाटण्याचे मूळ इथे आहे. आयन ग्राफाइटमध्ये शिरू शकतात त्यापेक्षा जास्त वेगाने ढकलले तर लिथियम धातू होऊन पृष्ठभागावर साचतो आणि बॅटरी कायमची दुबळी होते. थंडीत तर हे आणखी लवकर घडते. तरीही मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडीने एक मेगावॉटची व्यवस्था दाखवली आणि पाच मिनिटांत ४०० किलोमीटरचा दावा केला. दावा मोटारींचा आणि चीनच्या सढळ मापाचा आहे. पण एक मेगावॉटने पाच मिनिटे म्हणजे ८३ युनिटे, आणि कॅम्परसह ट्रकला तेवढ्यात साधारण दीडशे किलोमीटर जाता येईल. दर दीड-दोन तासांनी चहाइतका थांबा पुरणार असेल, तर दोनशे युनिटे अंगावर वाहायची कशाला? वीजजाळ्यावर ताण येईल ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे स्टेशनातच जमिनीवर स्वस्त, जड लोह-फॉस्फेट बॅटऱ्या ठेवून त्या सावकाश भरत राहणे. तिथे वजनाचे कुणाला सोयरसुतक नाही. अमेरिकेतले बहुतेक चार्जर मात्र अजूनही मोटारीचे नाक आत घालण्यासाठी आखलेले आहेत, ट्रेलरवाल्याला आधी ट्रेलर सोडवावा लागतो. ही अडचण सोडवायला नवे रसायनशास्त्र लागत नाही, पंपासारखी आरपार जाणारी मार्गिका लागते.

अमेरिकन कंपन्या सध्या वेगळ्या वाटेने निघाल्या आहेत. रॅम या ट्रक कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये निव्वळ विजेवरचा मोठा पिकअप रद्द केला आणि ९२ युनिटांच्या बॅटरीसोबत पेट्रोलचे जनित्र असलेला ट्रक पुढे ठेवला. डिसेंबरमध्ये फोर्डनेही लायटनिंगची पुढची पिढी तशीच करण्याचे जाहीर केले. ही माघार आहे, असे विजेचे कट्टर समर्थक म्हणतात. मला तसे वाटत नाही. रोजच्या प्रवासाला बॅटरी पुरेल, आणि कधीमधी लागणाऱ्या मोठ्या साठ्यासाठी शंभर किलो पेट्रोल हे आजही सर्वांत हलके भांडे आहे. फक्त, लोक चार्जच करणार नाहीत आणि ट्रक बारमाही जनित्रावर चालेल, ही भीती खरी आहे.

खर्चाच्या, म्हणजे दर किलोमीटर लागणाऱ्या ऊर्जेच्या, बाजूने हात घालणारेही आहेत. कोलोरॅडोच्या लाइटशिप कंपनीने २०२३ मध्ये जो कॅम्पर दाखवला, त्याचे छप्पर प्रवासात खाली बसते आणि पोटात स्वतःची ८० युनिटांपर्यंतची बॅटरी व मोटर असते, म्हणजे पुढच्या ट्रकवर ओढ जवळजवळ पडतच नाही. किंमत जाहीर झाली होती सव्वा लाख डॉलर, म्हणजे बहुतेक ट्रकांपेक्षा जास्त.