आजोबा कोणत्या खात्यात होते?

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे इनामाच्या सनदा उभ्या राहतात. ज्यांच्या घरी सनद नव्हती, पण ट्रंकेच्या तळाशी गिरणीचा पास होता, त्यांच्या घराण्याविषयी मला बोलावयाचे आहे.

नावे राखण्याची सोय आपल्याकडे जुनीच आहे. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वह्यांत कूळ सापडते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन वंशावळ सांगतो. तेथे नाव आणि नाते कळते. माणसाचे हात दिवसभर काय करीत होते, ते कळत नाही. कष्टकऱ्याचे निम्मे आयुष्य तर त्यातच गेलेले असते.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. पुढे कोकणातून, घाटावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आली. आज नातू म्हणतो, 'आजोबा गिरणीत होते.' हे म्हणजे 'आजोबा मुंबईत होते' म्हणण्यासारखेच झाले! पुढचा प्रश्न विचारावा : कोणत्या खात्यात? साळखात्यात, म्हणजे मागावर, मजुरी बरी. त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी. मग सगळेच मागावर का गेले नाहीत? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावे लागे. या उष्ट्याच्या विटाळापायी अस्पृश्य कामगारांना साळखात्यात शिरू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एका खात्याचे नाव विचारले, तर एवढे निघते.

'आयुष्य कसे गेले?' असे मात्र विचारू नये. 'गेले आपले' एवढेच उत्तर मिळते. पहिला पगार कुणाच्या हाती दिला? मुंबईतली पहिली रात्र कुठे काढली? जेवण कोणत्या खाणावळीत? येथे आजीलाही बोलते करावे. गिरणगाव जेवले ते खाणावळवाल्या बायकांच्या हातचे, पण गिरणीच्या पटावर त्यांचे नाव नव्हते. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, निघाली ती १९७५ साली.

अवघड भाग पुढेच आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. काही घरांत एक भाऊ बाहेर राहिला, दुसरा पोटासाठी आत गेला. ती गोष्ट अजून पंगतीत कुणी काढीत नाही. मी संघटनेचा माणूस. माझा कल कुठे, हे सांगायला नको. तरी आत गेलेल्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवावे. आपण निवाडा करायला बसलेलो नाही. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांना बोलते करून २००४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पण घरातल्या माणसाला जे विचारता येते, ते परक्याला कसे विचारता येणार?

कागदही जपावेत. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा लागला, तेव्हा पास, हजेरीची नोंद, विम्याचा नंबर हेच कामास आले. रद्दीवाल्याकडून ते परत मिळत नाहीत.

बोलणे मोबाईलवर घ्यावे, पण वहीतही उतरवावे. वर दिवस आणि ठिकाण घालावे, एक प्रत गावच्या घरी ठेवावी. धोटा, कांडी, त्रासन हे शब्द सांगणारा उच्चारील तसेच लिहावेत, आणि अर्थ त्याच बैठकीत विचारून घ्यावा. वही वाचणाऱ्या पोराने माग पाहिलेला नसेल.